गुडघ्याची किंमत ठरली. आयुष्य कोण ठरवणार?

१६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या ज्या सांध्याची सरासरी किंमत तोवर १,५८,३२४ रुपये होती, त्याची मर्यादा ५४,७२० रुपये ठरली. टायटॅनियम वा ऑक्सिडीकृत झिर्कोनियम अशा विशेष धातूंचा सांधा सरासरी २,४९,२५१ रुपयांवरून ७६,६०० रुपयांवर आला. कर वेगळा धरला तरी सामान्य रुग्णासाठी हा दिलासा मोठा होता. बाजारातील सरकारी हस्तक्षेपाकडे एरवी संशयाने पाहणाऱ्यांनीही हा निर्णय लोकहिताचा होता हे मान्य करायला हवे.

मात्र त्या आदेशातील कोष्टक आज पुन्हा वाचताना एक उणीव जाणवते. धातू कोणता, सांधा पहिल्यांदा बसवायचा की दुसऱ्यांदा, तो अधिक वाकणारा आहे का, हे सारे त्यात आहे. तो किती वर्षे टिकावा, याविषयी मात्र एकही रकाना नाही. तीन दशकांहून अधिक काळ प्रशासनात घालवल्यानंतर मला याचे नवल वाटत नाही. किंमत एका आदेशाने ठरते. टिकाऊपणा ठरवण्यासाठी मात्र कारखाना, प्रयोगशाळा, शस्त्रक्रियागृह आणि दफ्तर या चौघांना वीस-पंचवीस वर्षे एकमेकांच्या संपर्कात राहावे लागते. मी ज्या जबलपूर शहरात राहतो, तिथे या चौघांपैकी तिघे एकाच शहराच्या हद्दीत वा तिच्या आसपास नांदतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा नसून राज्यकारभाराचा आहे, असे मला वाटू लागले आहे.

कल्हई आणि कळकलेली आमटी

बोलीत आपण ‘गुडघ्याची वाटी बदलली’ असे म्हणतो; पण बदलतात ते मुख्यतः वाटीमागचे सांध्याचे पृष्ठभाग. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूचे टोपण बसते, नडगीच्या हाडावर धातूची तबकडी बसते आणि दोहोंच्या मध्ये पॉलिथिलीनची चकती असते. चालताना या रचनेवर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. हिंडत्या-फिरत्या माणसाच्या एका पायाची वर्षभरातील पावले मोजली तर ती दहा लाखांच्या घरात जातात. म्हणजे पंचवीस वर्षे टिकणाऱ्या सांध्याने अडीच कोटी वेळा भार घ्यावा आणि सोडावा, अशी आपली अपेक्षा असते.

टायटॅनियमचा या कामात प्रवेश झाला तो दोन गुणांमुळे. पहिला गुण हाडाशी जुळण्याचा. स्वीडिश संशोधक पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरील प्रयोगांत असे आढळले की टायटॅनियमची कुपी हाडात इतकी घट्ट रुजते की ती काढता येत नाही. १९६५ मध्ये त्यांनी या गुणाचा उपयोग माणसाच्या जबड्यात दात बसवण्यासाठी केला. दुसरा गुण लवचिकतेचा. हाडाचा ताठपणा १० ते ३० गिगापास्कल, टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूचा सुमारे ११०, तर कोबाल्ट-क्रोमियमचा २०० हून अधिक. धातू फार ताठ असेल तर सगळा भार तोच उचलतो आणि खालचे हाड, काम न मिळालेल्या स्नायूप्रमाणे, हळूहळू विरळ होत जाते. मग सांधा सैल होतो. टायटॅनियममध्ये हा धोका तुलनेने कमी असतो. ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला हा मिश्रधातू १९५० च्या दशकात विमानांसाठी घडवला गेला आणि तिथून तो शस्त्रक्रियागृहात आला.

त्याचा दोष एकच, पण गंभीर आहे. टायटॅनियमला घासणे सोसत नाही. हवेच्या संपर्कात येताच त्याच्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो आणि तोच त्याला गंजण्यापासून वाचवतो. सततच्या घर्षणाने हा पापुद्रा फाटतो, पुन्हा धरतो, पुन्हा फाटतो आणि सुटलेले कण सांध्यात अडकून चकतीला ओरखडे पाडतात. पॉलिथिलीनचे सूक्ष्म कण सुटू लागले की शरीराच्या संरक्षक पेशी त्यांच्यावर धावून जातात आणि त्या झटापटीत शेजारचे हाडच पोखरले जाते. म्हणूनच आजवर बहुतेक सांध्यांत तबकडी टायटॅनियमची आणि घासणारे टोपण कोबाल्ट-क्रोमियमचे, अशी विभागणी होत आली.

इथे मराठी घरांतील जुनी कल्हई आठवावी. पितळेच्या पातेल्याचे वजन आणि जाडी कितीही असो, आतली कल्हई उडाली की आमटी कळकायची. पातेले तेच, आच तीच. फरक कागदाहूनही पातळ अशा थराचा. कृत्रिम सांध्याचेही असेच आहे. टायटॅनियमवर टायटॅनियम नायट्राइडचा साधारण तीन-चार मायक्रोमीटर जाडीचा सोनेरी मुलामा निर्वात कक्षात चढवला, तर पृष्ठभाग मूळ धातूपेक्षा कित्येक पट कठीण होतो. दुसरी रीत प्लाझ्मा नायट्रायडिंगची. तीत वरून थर चढवला जात नाही. नायट्रोजन धातूच्या अंगात मुरवला जातो. मुलाम्याला सोलून निघण्याची भीती असते, मुरलेल्या कठीणपणाला ती कमी असते. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने हे तंत्र भारतीय उद्योगांपर्यंत पोहोचवण्याचे काम केले आहे. म्हणजे विद्या देशात आहे.

हाडाकडच्या बाजूची गरज अगदी उलट असते. तिथे पृष्ठभाग खडबडीत आणि सच्छिद्र हवा, म्हणजे हाडाला त्यात शिरता येते. त्यासाठी वाळूसारख्या कणांचा मारा, आम्लाने कोरणे, हाडातील खनिजासारख्या हायड्रॉक्सीॲपटाइटचा थर देणे असे उपाय होतात. एकाच वस्तूला एका अंगाने आरसा आणि दुसऱ्या अंगाने जाळी व्हायचे असते. यावरून कारागिरीच्या काठिण्याची कल्पना यावी.

घडणीतील उणीव नंतर झाकता येत नाही

चांगला मुलामा वाईट घडणीला वाचवू शकत नाही. टायटॅनियम वितळलेल्या अवस्थेत प्राणवायूला फार लवकर जवळ करते. ओतकामात काळजी घेतली नाही तर पृष्ठभागावर कठीण पण ठिसूळ कवच तयार होते. ते रसायनाने पूर्ण उतरवले नाही तर तिथूनच पुढे भेग जाते. घण वा दाबयंत्राखाली घडवलेल्या धातूचे कण बारीक आणि सलग राहतात, त्यामुळे तो वारंवारच्या भाराला अधिक काळ तोंड देतो. पण त्याचे साचे महाग असतात. आता लेसर किंवा इलेक्ट्रॉन झोताने धातूची भुकटी थरावर थर वितळवून, म्हणजेच त्रिमितीय छपाईने, सांधे घडवता येतात. हाडासाठीची जाळी त्यात मूळ वस्तूबरोबरच तयार होते. मात्र पुरती न वितळलेली भुकटी आत सूक्ष्म पोकळ्या सोडते. त्या मिटवण्यासाठी वस्तूला निष्क्रिय वायूच्या प्रचंड दाबाखाली तापवावे लागते आणि पृष्ठभागावर चिकटलेले भुकटीचे कण काढून टाकावे लागतात. या पायऱ्या खर्चिक आहेत आणि तयार वस्तूकडे पाहून त्या गाळल्या की पाळल्या हे रुग्णाला किंवा शल्यविशारदाला सांगता येत नाही.

सर्वात कमी दराच्या निविदेला काम देणाऱ्या खरेदी समित्यांवर मी अनेकदा बसलो आहे. निविदेच्या तुलनातक्त्यात दोन सांधे सारखेच दिसतात: तोच धातू, तेच माप, तेच प्रमाणपत्र. एकाची पोकळी दाबाखाली मिटवलेली असते, दुसऱ्याची नसते. हा फरक नोंदवायला तक्त्यात जागा नसेल, तर काळजीपूर्वक काम करणारा उत्पादक दर वर्षी हरत राहणार आणि शेवटी तोही काळजी करणे सोडून देणार.

तरीही नवीनतेच्या मोहापासून सावध राहायला हवे. टायटॅनियम नायट्राइडच्या मुलाम्याने प्रयोगशाळेत झीज कमी होते. परंतु सर्वसाधारण रुग्णांच्या मध्यम मुदतीच्या तुलनात्मक अभ्यासांत त्याची स्पष्ट सरशी दिसलेली नाही. पॉलिथिलीनच्या चकत्या हवाबंद न करता गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याची पद्धत एकेकाळी सर्वमान्य होती. त्या चकत्या कपाटात पडल्यापडल्याच ठिसूळ होतात, हे पुढे रुग्णांच्या शरीरातून काढलेल्या चकत्यांनी शिकवले. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डिप्यू कंपनीचा धातूवर धातू घासणारा ‘एएसआर’ खुब्याचा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून मागे घ्यावा लागला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. त्याचे अपयश ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीने आधी टिपले, कारण तिथे प्रत्येक सांध्याची नोंद होते. आपल्याकडे त्या रुग्णांचा शोध घेणे हेच केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीपुढील एक मोठे काम होऊन बसले.

हिशेब कोणासाठी जुळतो?

टायटॅनियम सर्वांनाच द्यावे काय, या प्रश्नाचे उत्तर भावनेने देऊ नये. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांच्या माहितीवर आधारित अभ्यासानुसार संपूर्ण गुडघा प्रत्यारोपणांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षांनंतरही टिकून असतात. म्हणजे शंभरांतील १८ जणांना पुन्हा शस्त्रक्रिया लागते. २०१७ च्या मर्यादेनुसार दुसऱ्या शस्त्रक्रियेचा सांधा १,१३,९५० रुपयांचा, तर कोबाल्ट-क्रोमियम आणि विशेष धातू यांच्या किमतींतील फरक २१,८८० रुपयांचा. शंभर जणांना विशेष धातू दिला तर जादा खर्च २१ लाख ८८ हजार. आणि त्यामुळे अठराच्या अठरा पुनर्शस्त्रक्रिया टळल्या, असे अशक्यप्राय गृहीत धरले, तरी वाचणारी सांध्यांची किंमत २० लाख ५१ हजार. केवळ सांध्याच्या किमतीपुरता हा व्यवहार तोट्याचाच ठरतो.

पण वय लक्षात घेतले की चित्र बदलते. त्याच नियतकालिकातील २०१७ च्या ब्रिटिश अभ्यासात सत्तरीपुढील रुग्णांना आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचा संभव सुमारे ५ टक्के, तर पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत तो ३५ टक्क्यांपर्यंत आढळला. या दुसऱ्या गटात शंभरांमागे वीस पुनर्शस्त्रक्रिया जरी टळल्या तरी जादा खर्च भरून निघतो. रुग्णालयाचा मुक्काम, बुडालेली मजुरी आणि वेदना यांचा हिशेब त्यात धरलेलाच नाही. अर्थात पृष्ठसंस्काराने संसर्ग टळत नाही आणि वाकडा बसवलेला सांधा सरळ होत नाही; पुनर्शस्त्रक्रियेची ही कारणे शस्त्रक्रियागृहातच रोखावी लागतील. तरीही झीज आणि सैल होणे ही जी कारणे घडणीच्या हातात आहेत, त्यांचा सर्वाधिक भार तरुण आणि कष्टकरी रुग्णावर पडतो, हे स्पष्ट आहे.

भारतीय रुग्णाची आणखी एक अडचण आहे. गुडघ्याची झीज मोजणारी रूढ आंतरराष्ट्रीय चाचणी यंत्रावर पन्नास लाख आवर्तने करते, परंतु ती आवर्तने चालण्याची असतात. मांडी घालून जेवणारा, उकिडवे बसून भांगलण करणारी, घाटाच्या पायऱ्या चढणारा आणि नर्मदेची परिक्रमा पायी करणारा माणूस त्या यंत्राला ठाऊक नाही. पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय बैठक डोळ्यांसमोर ठेवून ‘इंडस’ गुडघा विकसित केला, तेव्हा त्यांनी आकारापुरते या प्रश्नाला उत्तर दिले होते. पृष्ठभागाच्या टिकाऊपणाची चाचणी आपल्या बैठकीनुसार करण्याचे काम अजून व्हायचे आहे.

जबलपूरचे सामर्थ्य आणि मौन

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला शहरांच्या स्वभावाकडे पाहण्याची सवय आहे. नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातून १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेलेले जबलपूर १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्गाचा सांधा झाले आणि १९०४ मध्ये इथे तोफगाडे बनवणारा कारखाना उभा राहिला. १९४२ मध्ये खमरियाचा दारूगोळा कारखाना आला, १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही आमची राजधानी होती, त्यामुळे या शहराच्या जडणघडणीत मराठी माणसांचा वाटाही मोठा आहे. याच तोफगाडा कारखान्यातून ८ एप्रिल २०१९ रोजी ‘धनुष’ या १५५ मिलिमीटरच्या पहिल्या सहा तोफा लष्कराला सुपूर्द झाल्या. बोफोर्स कराराबरोबर १९८० च्या दशकात मिळालेल्या तांत्रिक दस्तऐवजांचा आधार त्यामागे होता. ते दस्तऐवज सुमारे पाव शतक आपल्याजवळ होते. तोफ मागणारा आदेश निघाला, तेव्हाच ते कामाला आले.

तोफ आणि गुडघा यांची तुलना काहींना विचित्र वाटेल. पण धातुशास्त्राच्या दृष्टीने दोघांची व्यथा एक आहे: वारंवार येणारा भार आणि पृष्ठभागावर बसणारा घाव. अनेक तोफांच्या नळ्या आतून क्रोमने मढवतात, यंत्राचे दाते नायट्रोजन मुरवून कठीण करतात, ते याचसाठी. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी अग्नी क्षेपणास्त्रासाठी विकसित केलेल्या कार्बन संमिश्रातून अपंग मुलांसाठी अवघ्या ३०० ग्रॅम वजनाचे कॅलिपर घडवून आणले, तो आदर्श आपल्यासमोर आहेच.

आज जबलपुरात धातुकामाची ही परंपरा आहे. २००५ मध्ये स्थापन झालेली, अभिकल्प आणि उत्पादन हेच ब्रीद असलेली राष्ट्रीय महत्त्वाची तंत्रसंस्था आहे. आणि महाकोशलातील खेड्यापाड्यांतून रुग्ण जिथे येतात ते नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय आहे. संरक्षण कारखाने उद्या सकाळी सांधे बनवू शकणार नाहीत, बनवूही नयेत. त्यासाठी वेगळी स्वच्छता, वेगळे परवाने आणि वेगळी शिस्त लागते. परंतु धातूची चाचणी करणारे कुशल हात, पृष्ठभागाचा अभ्यास करणारे प्राध्यापक आणि रुग्णाच्या शरीरातून सांधा काढणारे शल्यविशारद एकाच शहरात असताना त्यांना एकत्र बसवणारी व्यवस्था नसावी, ही धोरणाची त्रुटी आहे. एक खाते संरक्षणाचे, दुसरे शिक्षणाचे, तिसरे राज्याच्या आरोग्याचे. तिघांची दफ्तरे वेगळी आणि तिघांचे सचिवही वेगळे.

तीन निर्णय

पहिला निर्णय नोंदवहीचा. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंद १९७५ मध्ये सुरू केली, ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये, इंग्लंड आणि वेल्सने २००३ मध्ये. आपल्याकडे शल्यविशारदांच्या संघटनेने चालवलेली ऐच्छिक नोंदवही आहे. तिच्या चालकांचे कौतुकच केले पाहिजे. पण ऐच्छिक नोंद ही चांगल्यांचीच नोंद ठरण्याचा धोका असतो. आयुष्मान भारत योजनेतून होणाऱ्या प्रत्येक गुडघा प्रत्यारोपणाचे देयक मंजूर करताना सांध्याचा ओळखक्रमांक, धातू, घडणीची रीत आणि पृष्ठसंस्कार यांची नोंद अनिवार्य करावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. देयकाच्या अर्जात चार रकाने वाढवावे लागतात.

दुसरा निर्णय खरेदीचा. ब्रिटनमध्ये सांध्यांना त्यांच्या टिकण्याच्या पुराव्यानुसार वर्षांची श्रेणी दिली जाते आणि रुग्णालये ती पाहून निवड करतात. आपल्या किंमत मर्यादेतही असा भेद करता येईल. ज्या सांध्याच्या टिकाऊपणाचा पुरावा नोंदवहीत आहे, त्याला थोडी अधिक मर्यादा; ज्याचा नाही, त्याला कमी. साठीच्या आतील रुग्णांसाठीच्या सरकारी खरेदीत हा निकष प्रथम लावावा. मर्यादा हटवण्याची उत्पादकांची मागणी मान्य करण्याची गरज नाही; मर्यादेला वर्षांशी जोडण्याची आहे.

तिसरा निर्णय संग्रहाचा, आणि तो जबलपूरपासून सुरू व्हावा. पुनर्शस्त्रक्रियेत काढलेला सांधा हा अपयशाचा अस्सल दस्तऐवज असतो. त्याच्यावरील प्रत्येक ओरखडा, उडालेला मुलामा आणि भेगेचा उगम वाचता येतो. आज असे सांधे बहुधा कचऱ्यात जातात किंवा उत्पादकाकडे परत जातात. रुग्णाच्या संमतीने ते जतन करून वैद्यकीय महाविद्यालयाने तंत्रसंस्थेकडे पाठवावेत आणि निष्कर्ष जाहीर व्हावेत. उज्जैनला मंजूर झालेल्या वैद्यकीय उपकरण उद्यानात, खासगी उत्पादकांना भाड्याने वापरता येतील अशी झीजचाचणीची यंत्रे आणि दाबभट्टी असावी. मांडी घालण्याची आणि उकिडवे बसण्याची हालचाल त्या यंत्रांना तिथेच शिकवता येईल.

या तिन्ही निर्णयांना लागणारा पैसा अल्प आहे. लागतो तो सातत्याचा आग्रह. नोंदवहीतील पहिली दहा वर्षे कोणत्याही मंत्र्याला उद्घाटनाची संधी देत नाहीत आणि कोणत्याही सचिवाच्या गोपनीय अहवालात भर घालत नाहीत. त्यांचा लाभ, बावन्नाव्या वर्षी गुडघा बदलून पुन्हा कामावर गेलेल्या आणि पंचाहत्तराव्या वर्षीही त्याच गुडघ्यावर चालणाऱ्या माणसाला होईल. २०१७ च्या कोष्टकात त्याच्यासाठी किंमत लिहिली गेली आहे. त्याशेजारी वर्षांचा रकाना आखण्याचे काम आता प्राधिकरणाने हाती घ्यावे.